अकरावा कोंबडा

लुर्दीनबायला जेवायला बोलावलं की माझी बायको धास्तावायची. स्वयंपाकाची धास्ती नव्हे. बाय जेवायला साधी, वाढलेलं सगळं संपवणारी. धास्ती होती तिच्या पर्सची. एका चतुर्थीला ती आमच्याकडे आली, पानावर बसली, भाजीतली फणसाची एक आठळ बोटांनी उचलली, पदराला पुसली, पर्समधून स्टीलचं एक नळकांडं काढलं, त्यात ती आठळ सोडली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जाता."

पंगत थांबली. मंगलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातली पळी थांबली.

"मंगल गो, बारक्या पोरांच्या पानार अख्खी आठळ वाढू नको हां. ठेचून वाढ."

मंगलने ठेचून वाढल्या. दातओठ खात ठेचल्या. पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "पुढच्या वर्षी गणपती तरी तिच्या नळीत मावणार नाही एवढा मोठा आणा."

ते नळकांडं म्हणजे बायचा जीव की प्राण. परदेशात लहान मुलांची खेळणी विकायची तर त्यांना ज्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यातली ही पहिली. नळकांड्याचं तोंड सव्वा इंचाचं, आतला तळ तिरका. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशाच्या बेताचं माप. खेळणं किंवा त्याचा तुटलेला तुकडा न दाबता त्यात पुरता मावला, म्हणजे बायच्या शब्दांत 'जाता', तर तो मुलाच्या घशातही जाऊन बसणार. म्हणजे खेळणं नापास. आमच्या कारखान्यातल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'घसो'. "बाय, घसो खंय आसा?" "घसो धुतलंस काय गो?" असं दिवसभर चालायचं, आणि नवा माणूस दारातच थबकायचा.

कारखाना हा जरा मोठा शब्द झाला. नांदगावला हायवेच्या कडेला पत्र्याची एक शेड, चार लेथ आणि चौदा बायका. लेथवर पांगाऱ्याचं लाकूड फिरवायचं, फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायची, केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणायची. खुळखुळे, भोवरे, भातुकली असं सगळं आम्ही करायचो, पण आमचा हुकमाचा एक्का होता चाकांवरचा पिवळा कोंबडा, लाल तुऱ्याचा. दोरीने ओढला की मान हलवत चालायचा. मुंबईच्या एका एजंटाने हा कोंबडा जर्मनीतल्या एका दुकानदाराला दाखवला, त्याला तो आवडला, आणि त्या आवडण्यापायी माझ्या नशिबी लुर्दीनबाय आली.

दुकानदाराच्या दोन अटी होत्या. मुंबईच्या प्रयोगशाळेचा दाखला हवा, आणि कारखान्यात रोज तपासणी करून सही करणारा एक जबाबदार माणूस हवा, विज्ञानाची ओळख असलेला. लुर्दीन कार्दोज आमच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. नुकतीच निवृत्त झालेली, लग्न केलेलं नाही, चर्चजवळच्या घरात एकटी. मला वाटलं, म्हातारी बाई आहे, खुर्चीत बसेल, दिवसाला चार सह्या ठोकेल.

खरं म्हणजे मला कळायला हवं होतं. शाळेत तिच्याकडून परीक्षानळ्या मोजून घ्यायच्या आणि मोजून द्यायच्या. एकदा आमच्या वर्गाची एक नळी कमी भरली, तर तिने मधली सुट्टी संपेपर्यंत अख्खा वर्ग उभा ठेवला. नळी शेवटी तिच्याच एप्रनच्या खिशात निघाली. "गावली मां? मगे झाला," एवढंच म्हणाली. माफीबिफी काही नाही. शाळेत आम्ही तिला 'तुमी' म्हणायचो. कारखान्यात आल्यावर माझी तिची इतकी भांडणं झाली की 'तू'वर कधी आलो ते दोघांनाही कळलं नाही.

मुंबईच्या प्रयोगशाळेने नियमांचं जाडजूड बाड पाठवलं होतं. मी ते कपाटावर ठेवलं. तिने ते घरी नेलं, डिक्शनरी घेऊन बसली आणि महिनाभरात सगळं मराठीत एका वहीत उतरवून आणलं. मग आमचे हाल सुरू झाले. कोंबडा कमरेच्या उंचीवरून फरशीवर पाच वेळा टाकायचा. तुऱ्याला नऊ किलो तांदळाची पिशवी टांगायची आणि दहा सेकंद बघायचं, निखळतो का. चाकं पिळून बघायची. कडा बोटाने नाही, गालाने तपासायच्या, कारण आमची बोटं राठ झालेली. हा गालाचा नियम बाडात नव्हता, तिचा स्वतःचा होता. शेडमध्ये सकाळपासून ठक ठक ठक कोंबडे पडत, आणि चौदा बायका कोंबड्यांना गाल लावून बसलेल्या. हायवेवरून जाणारे लोक गाडीचा वेग कमी करून बघायचे.

दोरीवरून तर आमचं आठवडाभर वाजलं. दोरी लांब असली तर मुलाच्या गळ्याभोवती फास बसू शकतो, म्हणून वीतभरच हवी, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "बाय, वीतभर दोरयेन कोंबडो ओढूक पोर रांगूक व्हया."

"मगे रांगांदे," ती म्हणाली.

सुलभाने तिला एकदा पकडलं होतं. सुलभा आमच्या रंगकामाची मुख्य, जिभेची तिखट. बायचा चष्मा काळ्या दोरीने गळ्यात लटकलेला असायचा. सुलभाने मागून जाऊन दोरीला वीत लावली. "बाय, तुझी दोरी दोन वीत भरता गो!" सगळ्या हसल्या. बायने चष्मा काढला, दोरीकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "खरा आसा. पोरा मांडयेर बसतत, ओढतली." आणि तिथल्या तिथे कात्री मागवून दोरी कापली. तेव्हापासून चष्म्याला दोरीचं एक शेपूट तेवढं राहिलं, आणि वाकली की चष्मा खाली. दर दोन महिन्यांनी काच बदलायला कणकवलीला जायची, पण दोरी काही पुन्हा लांब केली नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मी तिची बाजू घेत नाही. पण चुका आमच्याही होत्या. पहिल्या मालाच्या वेळी एजंटाने चिकटवायला चिठ्ठ्या पाठवल्या. लाल गोलात लहान मुलाचा तोंड वाकडं केलेला चेहरा, आणि त्यावर आडवी रेघ. अर्थ असा की तीन वर्षांखालच्या मुलाला हे खेळणं देऊ नका. बाय त्या दिवशी कुणाच्या तरी मयताला गेली होती. सुलभाने चिठ्ठी बघितली, बायकांना दाखवली आणि सगळ्यांनी मिळून अर्थ लावला की हे खेळणं दिलं की मूल रडत नाही. मग त्या चिठ्ठ्या कशावर लावायच्या हे उघडच होतं. दोनशे खुळखुळ्यांवर लावल्या, जे मुळात तान्ह्या मुलांसाठीच होते. संध्याकाळी बाय आली, खोके उघडले. "आवशीक खाव तुमच्या," एवढंच म्हणाली. मग आम्ही पंधरा जण दोन दिवस नखांनी चिठ्ठ्या खरवडत होतो, आणि ती शेजारी उभी राहून, खरवडताना लाखेवर ओरखडा उठलेले खुळखुळे बाजूला काढत होती. अठ्ठावीस काढले. मी मनातल्या मनात तिला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दहा सेकंद मोजायला मी तिला स्टॉपवॉच आणून दिलं होतं. तिने ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. तांदळाची पिशवी टांगली की ती 'नमान मारिये' ही तिची रोजची प्रार्थना म्हणायची. तिच्या चालीने ती बरोबर दहा सेकंदांत संपते, हे तिने एकदाच घड्याळ लावून पडताळून घेतलं होतं. हळूहळू बायकांनाही पाठ झाली. मुंबईहून तपासनीस आला त्या दिवशी, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या बायका कोंबड्यांच्या तुऱ्यांना तांदूळ टांगून एका सुरात मारियेला नमन करत होत्या. त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "इथे नेमकं काय चालतं?" मी त्याच्याच हातात घड्याळ दिलं. त्याने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा दहा. सुलभा अजूनही घरी माशांना मीठ लावून ठेवताना तेच म्हणते, म्हणे अंदाज चुकत नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. माझ्या नातीच्या बारशाचं तसं नाही. गार्गी तेव्हा बारा दिवसांची, हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या. मंगलच्या आईने स्वतः ओवलेल्या. पाळणा म्हणून झाला, बायका ओळीने येऊन मुलीच्या कपाळाला बोट लावत होत्या. बाय पुढे आली, मुलीचा हात हातात घेतला. मला वाटलं मुका घेतेय. तिने मनगटीत बोट अडकवलं आणि ओढलं. दोरा तटकन तुटला, मणी पाळण्यात, गादीवर, जमिनीवर. नजर लागू नये म्हणून घातलेली मनगटी बारशालाच तुटली, म्हणजे काय झालं ते सांगायला नको. मंगलची आई आणि आणखी दोन बायका रडायला लागल्या. आणि बाय काय करत होती? गुडघ्यांवर बसून मणी गोळा करत होती. एकवीस मणी तिने मोजून काढले, एक पर्समधल्या 'घशा'त टाकून बघितला आणि म्हणाली, "जाता. पयलो दात येताना पोर मनगट चोखता. दोऱ्याक वायच जरी लाळ लागली तर कुजता."

मंगल सहा महिने तिच्याशी बोलली नाही. मीही बोललो नसतो, पण सही तिची लागायची.

बारशानंतर एकदा मी तिला सरळ विचारलं. गावात सगळ्यांचा अंदाज होता की हिच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं असणार. एखादा भाचा, एखादा भाऊ, घशात काहीतरी अडकून गेलेला. त्याशिवाय माणूस असा होत नाही. आम्ही शेडबाहेर चहा पीत होतो. मी म्हटलं, "बाय, तुझ्या घरात कोणाचा काय झाला होता काय?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग कळला, तशी ती वैतागली. "काय एक झाला नाय. कित्याक होवक व्हया? काय झाल्यावरच बघूचा काय रे?"

तिने चहा संपवला, कप उलटा केला, कपाचा कान ओढून बघितला आणि आत गेली. मी बसून राहिलो. इतकी वर्षं तिचं सगळं खपवून घ्यायला मी मनात एक गोष्ट रचून ठेवली होती, आणि ती गोष्टच खरी निघाली नाही. तिच्यावर चिडणं त्या दिवसापासून जास्तच अवघड झालं, तरी मी चिडत राहिलो.

आता मुद्द्याचं सांगतो. पिवळ्या कोंबड्यांचं.

आमचा पिवळा रंग हळदीचा. लाखेत हळद मिसळून कांड्या करायच्या. नमुन्याचे कोंबडे आम्ही घरच्या हळदीत रंगवले होते, मुंबईला ते पास झाले, दाखला आला, तीनशे कोंबड्यांची ऑर्डर आली. मोठी ऑर्डर पहिलीच. ती वेळेत गेली तर पुढची मिळणार आणि चौदा जणींना वर्षभर काम राहणार, नाहीतर शेड पावसाळ्यात बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. घरची हळद संपली तेव्हा सुलभाने बाजारातून सुटी हळद आणली. रंग काय सुरेख चढला! नमुन्यापेक्षाही झकास. आम्ही सगळे खूश. बायने एक कोंबडा उचलला, दारात उजेडात नेला, नमुन्याचा कोंबडा शेजारी धरला आणि म्हणाली, "ह्यो पिवळो तो पिवळो न्हय. परत तपासूक धाडूचो."

मी हात जोडले. "बाय, दाखलो इलो मां? एकदा पास झालो मां?"

"तो कोंबडो पास झालो. ह्यो न्हय."

एजंटाने मागितलं नव्हतं, दुकानदाराने मागितलं नव्हतं. तिने सही करायला नकार दिला आणि कोंबडा मुंबईला पाठवला. दहा दिवसांनी अहवाल आला. पिवळ्यात शिसं, मर्यादेच्या कितीतरी वर. हळद जास्त पिवळी दिसावी म्हणून कुणीतरी कुठेतरी तिच्यात काहीतरी मिसळलं होतं. शिसं लाळेतून पोटात गेलं की मुलांच्या मेंदूला धरतं आणि वरून काहीच दिसत नाही. मूल खेळतं, हसतं, फक्त शिकायला मागे पडतं.

सुलभा रडायला लागली. "हळद मां ती? आमी खातंव ती!"

"मगे खावचा बंद करा," बाय म्हणाली.

शेडमध्ये लेथ बंद होते, त्यामुळे ते वाक्य जरा जास्तच ऐकू आलं. त्या संध्याकाळी चौदा घरांतले हळदीचे डबे रिकामे झाले. घरोघरची, परसातली, आप्तांकडची हळद गोळा करून आम्ही पुन्हा तीनशे कोंबडे केले. ऑर्डर उशिरा गेली, दुकानदार कुरकुरला, पण त्याने घेतली. त्याबद्दल मी देवाचे आणि बायचे आभार मानतो, देवाचे आधी.

राहिले ते जुने तीनशे. कापायचे, गोणीत भरायचे आणि विषारी कचरा घेणाऱ्यांकडे मुंबईला पाठवायचे, असं तिने फळ्यावर लिहून ठेवलं. खाली आणखी बरंच काही लिहिलं होतं. मी शेवटपर्यंत वाचलं नाही. मान डोलावली आणि ते सगळे कोंबडे टेंपोत घालून कुणकेश्वरच्या जत्रेला नेले.

लपवून काय करू? नेले. नापास माल जत्रेला काढायचा, ही आमच्या धंद्यात सगळ्यांचीच रीत. मनात राग होता. दोन महिन्यांची मेहनत, सुलभाच्या हाताची चकाकी, आणि ते सगळं करवतीखाली घालायचं? जर्मनीच्या पोरांना चालत नाही तर न चालो. आम्ही गेरू चाटून मोठे झालो, आम्हाला काय झालं? असं मी स्वतःला सांगितलं, आणि शिवरात्रीला समुद्राच्या बाजूला दुकान थाटलं. पिवळेजर्द कोंबडे ओळीने मांडले. लोक लांबूनच बघत यायचे.

दुपारी बाय आली. सुलभाने सांगितलं असणार. एसटीतून उतरून, घामाघूम, छत्री टेकत. मी तोंड उघडायच्या आत ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. समोर एक आई उभी होती, कडेवर पोर, पोराच्या हातात कोंबडा. बाय तिला म्हणाली, "घेव नको गो. ह्याच्या रंगात शिसा आसा. पोराच्या मेंदूक लागता."

"तुमी कोण?" त्या आईने विचारलं.

"मी तपासलंय. सही माझी."

त्या आईने माझ्याकडे बघितलं. कोंबडा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि पोराचेही पुसले. मागच्या गर्दीत कुजबुज झाली. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. मी दबक्या आवाजात म्हणालो, "बाय, लोकांसमोर कित्या? बाजूक येवन सांग."

तिने पर्समधून ते नळकांडं काढलं आणि माझ्या फळीवर कोंबड्यांच्या मधोमध ठेवलं. "जर्मनीच्या पोराचो घसो आणि आमच्या पोराचो घसो, माप एकच रे सदा. तुका कोणी येगळा दिलाहा काय?"

मी दुकान आवरायला घेतलं. रागाने की लाजेने, हे मला आजही सांगता येणार नाही.

"किती गेले?"

मी खोक्यातले मोजले. "अकरा कमी."

जत्रेत हरवलेल्या मुलांचा पुकारा करायला लाऊडस्पीकर असतो. बाय तिथे गेली, आणि 'निळ्या फ्रॉकची मुलगी चपलांच्या दुकानापाशी उभी आहे' आणि 'पिवळो कोंबडो घेतलेल्यांनी तो तोंडात घालू नये, लगेच परत आणून द्यावा' असे पुकारे संध्याकाळपर्यंत आलटून पालटून चालले. चार कोंबडे परत आले. त्यांच्या बदल्यात तिने पास झालेले लाल कोंबडे दिले. ते येताना तिने पिशवीत भरूनच आणले होते, म्हणजे ही बाई एसटीत बसतानाच सगळं ठरवून आली होती.

राहिले सात. बाडात एक प्रकरण होतं, विकलेला सदोष माल परत कसा बोलवायचा, त्याचं. मोठ्या कंपन्या वर्तमानपत्रात जाहिरात देतात. बायकडे एसटीचा ज्येष्ठांचा पास होता. ती दर शनिवारी लाल कोंबड्यांची पिशवी घेऊन निघायची. वैभववाडीच्या बाजारात, देवगडच्या वाड्यांमध्ये, शाळांच्या दारात, अंगणवाड्यांत. "पिवळो कोंबडो, चाकांचो, कुणकेश्वराच्या जत्रेतलो, बघलास?" काही ठिकाणी लोकांना वाटलं ही जादूटोण्याच्या कोंबड्याचं बोलतेय, आणि त्यांनी दार लावून घेतलं. तरी पावसाळ्यापर्यंत तिने एकूण दहा कोंबडे गाठले. एकाची मान तर पोराने चावून चावून लाकडापर्यंत आणली होती. ते पोर डॉक्टरला दाखवायला तिने त्याच्या आईबरोबर दोन फेऱ्या मारल्या.

अकरावा काही सापडेना.

आणि तो सापडणारही नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जत्रेच्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा गार्गी ओटीवर रांगत होती, आणि अकरावा कोंबडा तिच्या तोंडात होता. दात येत होते, तुरा चघळत होती. सकाळी टेंपो भरताना मंगलने एक काढून ठेवला होता. हा नापास माल आहे हे मी तिला सांगितलंच नव्हतं. "इतके सुंदर आहेत, एक आपल्या पोरीला नको?" मी तो तिच्या तोंडातून असा हिसकावला की मुलगी घाबरून निळी पडली. कोंबडा तसाच नेऊन चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी लसीच्या नावाखाली तिला कोल्हापूरला नेऊन रक्त तपासलं. बरं निघालं. मी डॉक्टरांसमोर रडलो, आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही.

बायलाही नाही. रोज सांगायचं ठरवायचो. सोमवारी ती येऊन म्हणायची, "शनवारी आचऱ्याक गेललंय, थंय पण नाय." तिचे गुडघे सुजलेले असायचे. आणि माझ्याच घरात चावलेल्या कोंबड्याचं मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मनात मी तिच्यावरच चिडायचो. पुरे की आता. एक कोंबडा. सोड की. दोन वर्षं ती शोधत राहिली आणि दोन वर्षं मी तिला शोधू दिलं. माझ्या हातून घडलेली सगळ्यांत वाईट गोष्ट ही. जत्रेतलं दुकान त्याच्या खालोखाल.

शेवटी गुडघे पार गेले आणि मडगावच्या भाचीने तिला बोलावून घेतलं. तिथे त्याच पावसाळ्यात ती वारली, म्हणून नांदगाव स्टेशनवरची ती सकाळ शेवटचीच ठरली. मी आणि सुलभा पोचवायला गेलो होतो. गाडीला उशीर होता. तिने वही आणि घसो सुलभाच्या स्वाधीन केले, वहीतली पानं मोजून दिली. गाडी आली, सुलभाने सामान चढवलं, बाय खिडकीशी बसली. मग मला म्हणाली, "अकरावो गावलो काय माका फोन कर हां."

ते मला सोसवलं नाही. गजांना धरून मी भडाभडा सगळं सांगितलं. मंगल, गार्गी, तुरा, कोल्हापूर. सुलभा तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत होती. बाय निश्चल ऐकत होती. मला वाटलं आता ती थोबाडीत मारेल. मारावी असं वाटत होतं.

"गार्गी चेडू बरा आसा?" तिने विचारलं.

"बरा आसा. रक्त तपासलंय."

"रिपोर्ट माका धाड."

"धाडतंय."

मांडीवरचे हात तिने उघडले, मिटले. दोन वर्षांचे शनिवार त्या हातांत दिसत होते, निदान मला दिसत होते. शिटी झाली. गाडीने हिसका दिला.

"आणि कोंबडो? कोंबडो खंय आसा?"

"चुलीत घातलंय, बाय. त्याच दिवशी जाळलंय."

तिचा चेहरा असा झाला की तसा मी कधीच पाहिला नव्हता, नळी हरवली तेव्हाही नाही, जत्रेतही नाही. गाडी सरकत होती आणि ती जागेवरून उठत होती, त्या गुडघ्यांनी. दारापर्यंत आली. दोरी आखूड म्हणून एका हाताने चष्मा धरलेला, दुसऱ्या हाताने दांडा, आणि ती गाडीच्या आवाजावर ओरडत होती, "जाळलंस? अरे मेल्या, शिसा जळता काय? फळ्यार लिवललंय मां मी, जाळू नकात म्हणान! राख खंय टाकलंस? सदा! राख खंय टाकलंस रे?"

गाडी सिग्नलच्या पुढे गेली तरी तिचा तो चष्म्यावरचा हात दिसत होता.

आमच्याकडे भांडी चुलीतल्या राखेने घासतात.